गाणं कुणाचं, कागद कुणाचा

१९६४च्या सुरुवातीला अमेरिकेच्या एफबीआयकडे एक चमत्कारिक काम आलं. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येला जेमतेम तीन महिने होत होते, दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयांच्या हक्कांचं आंदोलन पेटलेलं होतं, आणि या सगळ्या धामधुमीत यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ‘लुई लुई’ नावाच्या गाण्याची रेकॉर्ड पुन्हा पुन्हा वाजवली जात होती. रेकॉर्ड मिनिटाला ४५ फेऱ्यांची. ती त्या वेगाने ऐकून झाली, मग ३३वर लावली, मग ७८वर. गाण्यात काहीतरी भयंकर अश्लील आहे अशी तक्रार होती. एका पालकाने तर थेट ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनाच पत्र धाडलं होतं. शाळाशाळांतून गाण्याचे ‘खरे शब्द’ लिहिलेले कागद हातोहात फिरत होते, आणि एका गावातला कागद दुसऱ्या गावातल्या कागदाशी जुळत नव्हता. इंडियाना राज्याचे गव्हर्नर मॅथ्यू वेल्श यांनी गाणं अश्लील ठरवून टाकलं आणि आपल्या राज्यातल्या रेडिओवाल्यांना ते न वाजवण्याची विनंती केली.

तपास दोन वर्षांहून जास्त रेंगाळला. फाइल शंभर पानांच्या पुढे गेली. निष्कर्ष एवढाच निघाला की कुठल्याही वेगाने वाजवा, शब्द कळत नाहीत.

खरे शब्द अगदीच सोवळे आहेत. एक खलाशी गुत्त्यावरच्या माणसाला आपली विरहकथा सांगतो. मैत्रीण जमैकात आहे आणि आता मी तिच्याकडे निघालो, एवढाच मजकूर. एफबीआयने गाणं लिहिणाऱ्याला गाठलं, कंपनीच्या माणसांना गाठलं. ज्या पोराच्या तोंडून ते न कळणारे शब्द निघाले होते त्याला मात्र कुणी जाऊन विचारलं नाही. त्याचं नाव जॅक इली. तो तोवर बँडमध्येच नव्हता.

साठच्या दशकातल्या अमेरिकेत असे शेकडो बँड उगवले आणि मावळले. त्यांतल्या काहींचं एकेकच गाणं देशभर गाजलं, तेवढ्यावर त्यांचं नाव राहिलं. इंग्रजीत त्यांना ‘वन-हिट वंडर’ म्हणतात, आणि म्हणणाऱ्याच्या स्वरात बहुधा थोडी कुचेष्टा असते: एकदा नशीब फळफळलं, पुढे अंगात काही नव्हतं. मला हा हिशेब पटत नाही. दुसरं गाणं का गाजलं नाही याचं उत्तर बहुतेक वेळा पोरांच्या गळ्यात किंवा बोटांत सापडतच नाही. ते सापडतं करारपत्रात, रेडिओच्या वेळापत्रकात आणि लष्करभरतीच्या नोटिशीत.

‘लुई लुई’चंच बघा. ६ एप्रिल १९६३ रोजी ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात किंग्समेन नावाच्या बँडची पाच पोरं एका छोट्या स्टुडिओत शिरली. ऑर्गन वाजवणारा डॉन गलुची तर अजून शाळेत होता. त्यांचा व्यवस्थापक केन चेस हा गावातल्या रेडिओवरचा निवेदक. त्याचा स्वतःचा तरुणांसाठीचा क्लबही होता. आदल्या रात्री त्यांनी हे एकच गाणं न थांबता सुमारे दीड तास वाजवलं होतं, कारण नाचणारी पोरंपोरी थांबायला तयार नव्हती. त्यामुळे सकाळी इलीचा घसा बसलेला. त्यात दातांना तारा लावलेल्या. स्टुडिओतला मायक्रोफोन टांगला होता वर, छताच्या बाजूला. बाकीची मंडळी वाद्यं घेऊन खाली इलीच्या भोवती. आवाज वर पोहोचावा म्हणून त्याने टाचा उंचावल्या, मान मागे टाकली आणि जीव खाऊन ओरडायला सुरुवात केली. शब्द कळत नाहीत ते या कारणाने. एफबीआयला हे शोधायला दोन वर्षं पुरली नाहीत.

त्या रेकॉर्डमध्ये एक ढळढळीत चूक आहे आणि ती आता गाण्याइतकीच प्रसिद्ध आहे. मधला गिटारचा तुकडा संपल्यावर इली तिसरं कडवं दोन मात्रागट आधीच उचलतो, गडबड लक्षात येताच थांबतो, आणि ड्रमवर बसलेला लिन ईस्टन धडाधड काठ्या हाणून ती फट बुजवतो. पुन्हा वाजवायला ना वेळ होता ना पैसा. सगळं ध्वनिमुद्रण साधारण ५० डॉलरमध्ये उरकलं. पुढे हे गाणं वाजवणाऱ्या कित्येक बँडांनी ती चूकसुद्धा मुद्दाम जशीच्या तशी वाजवली.

खरं तर चूक त्याहून आधीची होती. मूळ गाणं लॉस एंजेलिसच्या रिचर्ड बेरीचं, १९५७चं. इलीने ऐकलं होतं ते टकोमा गावच्या वेलर्स या बँडसोबत रॉकिन रॉबिन रॉबर्ट्सने १९६१ साली गायलेलं रूप, तेही समुद्रकिनाऱ्यावरच्या एका क्लबात, नाणं टाकून वाजणाऱ्या यंत्रावर. तिथे पोरं ज्या बेभानपणे नाचत होती ते पाहून त्याने गाणं उचलायचं ठरवलं आणि आठवणीवर विसंबून मित्रांना शिकवलं. आठवणीत एक ठोका गळाला होता. मूळची ‘एक-दोन-तीन-चार, एक-दोन’ अशी ऐसपैस चाल ‘एक-दोन-तीन, एक-दोन’ अशी तुटक, अडखळती झाली. गाण्याचा जो धक्का कानाला बसतो तो नेमका त्या गळालेल्या ठोक्याचा आहे. बरोबर शिकवलं असतं तर बहुधा कुणी लक्षही दिलं नसतं.

सुरुवातीला दिलंच नाही. रेकॉर्ड जेर्डन नावाच्या स्थानिक कंपनीने काढली, काहीशे प्रती खपल्या आणि विषय संपला. त्याच स्टुडिओत त्याच सुमारास पॉल रिव्हिअर अँड द रेडर्स या दुसऱ्या बँडने तेच गाणं अधिक सफाईने मुद्रित केलं होतं, आणि बड्या कोलंबिया कंपनीने त्यांना उचललंही. किंग्समेन मोडीत निघायच्या बेतात होते. ऑगस्ट १९६३मध्ये ईस्टनने सांगितलं की यापुढे आपण ड्रम सोडून पुढे उभं राहणार आणि गाणार. बाकीच्यांनी हरकत घेतली, तेव्हा कळलं की बँडचं नाव सरकारदरबारी ईस्टनच्या नावावर नोंदलेलं आहे. नोंदणीचं काम त्याच्या आईने केलं होतं. इली बाहेर पडला.

मग शरदात, देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉस्टनमध्ये आर्नी गिन्सबर्ग नावाच्या लोकप्रिय निवेदकाने ही रेकॉर्ड ‘आठवड्यातली सर्वांत वाईट रेकॉर्ड’ म्हणून वाजवली. ऐकणाऱ्यांनी दुकानांकडे धाव घेतली. न्यूयॉर्कच्या वाँड कंपनीने वितरण हाती घेतलं, आणि डिसेंबरात ‘लुई लुई’ बिलबोर्ड साप्ताहिकाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसलं. पहिला क्रमांक तेव्हा ‘डॉमिनिक’ या गाण्याकडे होता, बेल्जियमच्या एका ननने गिटारवर गायलेल्या भक्तिगीताकडे. अश्लीलतेचा डाग लागलेलं गाणं एका जोगिणीच्या पाठोपाठ रांगेत उभं आहे, असा प्रसंग कुणी नाटकात घातला असता तर प्रेक्षकांनी नाटककाराला हसून सोडून दिलं असतं.

टीव्हीवर किंग्समेन झळकू लागले, तेव्हा पडद्यावर ओठ हलत ते ईस्टनचे आणि आवाज येई तो इलीचा. इली कोर्टात गेला. तडजोडीत त्याला ६००० डॉलर मिळाले, पुढच्या छपाईत रेकॉर्डवर गायक म्हणून नाव मिळालं, आणि किंग्समेन हे नाव वापरायची बंदी मिळाली. पुढे तो लष्करात गेला, आणि उतारवयात ओरेगनमध्ये घोडे शिकवत राहिला.

काटेकोर बोलायचं तर किंग्समेन एकाच गाण्याचा बँड नव्हे. १९६५ साली त्यांचं ‘द जॉली ग्रीन जायंट’ हे थट्टेचं गाणं चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. पण ते आज कुणाला आठवतं? ज्यांना आठवतं ते आकडेवारीचे नादिष्ट. लोकांच्या स्मरणाची यादी बिलबोर्ड छापत नाही.

रिचर्ड बेरीची गोष्ट याहून बोचरी आहे. हा कृष्णवर्णीय गायक, उत्तम गळ्याचा, पन्नासच्या दशकात लॉस एंजेलिसच्या गायकवृंदांमध्ये नावाजलेला. अनाहाइमच्या एका नाचघरात तो रिदम रॉकर्स या वाद्यवृंदाबरोबर गायचा. त्यांच्याकडून त्याने रेने तूझे या क्यूबन पियानोवादकाचं ‘एल लोको चा चा’ ऐकलं आणि त्याच्या सुरुवातीच्या तुकड्याने त्याला झपाटलं. रंगमंचामागे हाताशी कागद नव्हता, तेव्हा शौचालयातल्या कागदावर शब्द लिहून काढले, असं तो स्वतःच सांगायचा. म्हणजे ज्याला अमेरिकन गोऱ्या पोरांचं गाणं समजलं गेलं, त्याचा ताल क्यूबाचा, तो वाजवणारी मंडळी बरीचशी मेक्सिकन आणि फिलिपिनो घरांतली, आणि शब्द एका कृष्णवर्णीयाचे. बेरीचं लग्न ठरलं होतं, पैशांची नड होती. ‘लुई लुई’सह पाच गाण्यांचे हक्क त्याने रेकॉर्ड कंपनीच्या मालकाला ७५० डॉलरला विकून टाकले. त्या वेळी हा सौदा मूर्खपणाचा नव्हता. गाणं जुनं झालं होतं, खप थांबला होता, आणि हजारेक मैलांवरच्या थंड प्रदेशात ते पुन्हा जिवंत होईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

१९६३नंतर ते गाणं शेकडो गायकांनी गायलं. बेरीच्या हाती त्यातलं फारसं काही पडलं नाही.

या घटना सुट्या वाटतात, पण त्यांच्यामागे एक पद्धत होती. ९ फेब्रुवारी १९६४च्या रविवारी रात्री एड सुलिवनच्या टीव्ही कार्यक्रमात बीटल्स आले आणि सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी ते पाहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली भलीमोठी पिढी नेमकी सोळा-सतरा वर्षांची होत होती. दुसऱ्या दिवसापासून चौघांचा बँड हे पोरांचं नवं वेड झालं. सीअर्सच्या घरपोच मालाच्या सूचिपत्रात सिल्व्हरटोन नावाची गिटार मिळायची. तिच्या पेटीतच ॲम्प्लिफायर आणि स्पीकर बसवलेला, किंमत साधारण ६८ डॉलर. सुट्टीत गवत कापून, वर्तमानपत्रं टाकून तेवढे पैसे जमत. धंदा इतका फुगला की १९६५च्या जानेवारीत सीबीएस या बड्या प्रसारण कंपनीने लिओ फेंडरची गिटार कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. उपनगरांतल्या घरांना गाडीसाठी गॅरेज असे, गाडी बाहेर काढली की तिथे तालीम. ‘गॅरेज रॉक’ हे नाव त्यावरून पडलं, तेही मागाहून.

गाणी कुठे वाजवायची? चर्चच्या सभागृहात, शाळेच्या व्यायामशाळेत, माजी सैनिकांच्या हॉलमध्ये, चाकांच्या बुटांवर घसरण्याच्या रिंगणात. आपल्याकडे गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राला जसं सगळं चालतं ते वाजवावं लागतं, तसंच यांचं. दर शनिवारी तीस-चाळीस उसनी गाणी, आणि त्यात एखादं स्वतःचं दडपून. स्वतःचं गाणं नाचणाऱ्यांनी उचललं तर गावातला एखादा हौशी दुकानदार किंवा निवेदक पैसे घालून रेकॉर्ड काढायचा. आणि मुख्य म्हणजे रेडिओ. तेव्हा गावोगावच्या एएम केंद्रांना स्वतःची यादी असायची, दर आठवड्याला छापून रेकॉर्डच्या दुकानांत ठेवलेली. निवेदकाला वाटलं तर शेजारच्या गल्लीतलं गाणं बीटल्सच्या पाठोपाठ लागायचं. लोकांचे फोन आले, शेजारच्या शहरातल्या केंद्राने तेच केलं, की मोठ्या कंपनीचा माणूस करारपत्र घेऊन दारात.

करारपत्रावर सही करणारा सतरा वर्षांचा. वकील नाही. समोरचा माणूस कसलेला.

मिशिगनमधल्या सॅगिनॉच्या पोरांचं असंच झालं. त्यांची घरं मूळची टेक्सासकडची मेक्सिकन. आईबाप शेतमजुरीसाठी उत्तरेला आले होते. त्या खोऱ्यात साखरेच्या बीटाची शेती मोठी, आणि नंतर मोटारींच्या कारखान्यांत काम मिळे. पोरांनी बँड काढला, नाव घेतलं ‘मिस्टेरियन्स’, एका जपानी विज्ञानपटातल्या परग्रहवासीयांचं. गायकाने तर कमाल केली. त्याने आपलं नाव नुसतं प्रश्नचिन्ह ठेवलं, पुढे कायद्यानेही तसंच करून घेतलं. काळा चष्मा त्याने कधी काढला नाही. आपण मंगळावरून आलो आहोत आणि मागच्या एका जन्मी डायनासोरांच्या काळात होतो, असं तो मुलाखतींत गंभीरपणे सांगायचा. दोन साथीदार लष्करात गेले म्हणून नवे घेतले. ऑर्गनवर फ्रँक रॉड्रिगेझ, वय चौदा.

१९६६ साली बे सिटीतल्या एका घरात थाटलेल्या छोट्या स्टुडिओत त्यांनी ‘९६ टिअर्स’ मुद्रित केलं. गाण्यात आहे काय? ऑर्गनचा एक चिवट, सुईसारखा टोचणारा तुकडा, जो सुरू झाला की सुटत नाही. आणि त्यावर प्रश्नचिन्हाचा अर्धवट गाणारा, अर्धवट धमकावणारा आवाज. आज मी रडतोय, उद्या तुझी पाळी, असा एकंदर भाव. मोजून दोन-तीन सूर. शास्त्रशुद्ध कानाला हे पोरखेळ वाटेल. पण तो ऑर्गन एकदा ऐकलेला माणूस संध्याकाळपर्यंत त्यातून सुटत नाही, हे मी पैजेवर सांगतो. इलेक्ट्रिक ऑर्गनचा तो स्वस्त, पातळ आवाजच त्याचं बळ आहे. एखाद्या मोठ्या स्टुडिओतल्या जाणकाराने तो नक्की ‘सुधारला’ असता.

लिली गोन्झालेस या त्यांच्या व्यवस्थापक बाईंनी आपल्या पा-गो-गो नावाच्या छोट्या कंपनीतर्फे रेकॉर्ड काढली. पोरं स्वतः ती घेऊन रेडिओ केंद्रांत फिरली. आधी फ्लिंट, सॅगिनॉची केंद्रं, मग डेट्रॉइटच्या पलीकडे, कॅनडाच्या हद्दीतलं सीकेएलडब्ल्यू. या केंद्राची ताकद ५०,००० वॉट, रात्री अर्ध्या मध्य अमेरिकेत ऐकू जाई. तिथे गाणं लागलं आणि विषय हाताबाहेर गेला. फिलाडेल्फियाच्या कॅमिओ-पार्कवे कंपनीने गाणं विकत घेतलं. २९ ऑक्टोबर १९६६ रोजी ते देशात पहिल्या क्रमांकावर आलं. आधीचे दोन आठवडे तिथे फोर टॉप्स होते, पुढच्या आठवड्यात मंकीज आले. मधल्या एका आठवड्यापुरता शेतमजुरांच्या पोरांचा झेंडा सगळ्यांच्या वर होता. दहा लाखांवर प्रती खपल्या.

पुढच्या गाण्याने बाविसावा क्रमांक गाठला, नंतरची विरत गेली. पण त्याहून मोठा घाव वेगळाच बसला. १९६७ साली कॅमिओ-पार्कवे ॲलन क्लाइनच्या ताब्यात गेली. क्लाइन म्हणजे रोलिंग स्टोन्सचा व्यवस्थापक, पुढे बीटल्सचाही. हिशेबाच्या वह्यांतून पैसा उकरून काढण्यात हा माणूस पटाईत होता. कंपनीचं नाव बदलून ॲबको झालं, ध्वनिफिती कपाटात गेल्या, आणि तिथेच राहिल्या.

त्याच १९६६च्या शरदात कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा काउंट फाइव्ह हा बँड ‘सायकॉटिक रिॲक्शन’ घेऊन पाचव्या क्रमांकावर पोहोचला होता. हे खरे एका गाण्याचे; आधी काही नाही, नंतर काही नाही. मंचावर ड्रॅक्युलासारखे झगे घालून उभे राहायचे. गाण्याची चाल उघडउघड इंग्लंडच्या यार्डबर्ड्सवरून उचललेली, मधेच सगळं थांबतं आणि भलत्याच वेगाने धावत सुटतं. नाव सुचलं कॉलेजच्या वर्गात, मानसिक आजारांवरचं व्याख्यान चालू असताना. शेजारी बसलेला मित्र कुजबुजला की हे गाण्याचं झकास नाव होईल.

मग त्यांचं पुढे काय झालं? पोरं कॉलेजात परतली. मोठ्या दौऱ्यांच्या मोठ्या रकमा त्यांनी नाकारल्या, असं सांगतात. ऐकताना हा वेडेपणा वाटतो, पण १९६६चं वर्ष लक्षात घ्या. १९६४च्या अखेरीस व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे सुमारे २३ हजार सैनिक होते; १९६६च्या अखेरीस ते ३ लाख ८५ हजारांच्या घरात गेले. त्या एका वर्षात ३ लाख ८० हजारांहून जास्त तरुणांना सक्तीच्या भरतीत ओढलं गेलं. कॉलेजात नियमित शिकत असलेल्याला सवलत होती. नाव कमी झालं की सवलत गेली. म्हणजे देशभर दौरे करणारा एकोणीस वर्षांचा गिटारवादक आपल्याच पायाने भरती कार्यालयाकडे चालत जात होता. या काळातल्या बँडांचे इतिहास वाचताना एक वाक्य इतक्या वेळा येतं की सवय होते: अमुक महिन्यात ड्रमरला नोटीस आली.

काउंट फाइव्हच्या वाट्याला मात्र एक विलक्षण मरणोत्तर कीर्ती आली. १९७१ साली लेस्टर बँग्ज या समीक्षकाने ‘क्रीम’ मासिकात त्यांच्यावर एक दीर्घ लेख लिहिला आणि त्यात त्यांनी पुढे काढलेल्या अल्बमांची तपशीलवार चर्चा केली. ते अल्बम मुळात अस्तित्वातच नव्हते. बँग्जने सगळे मनाने रचले होते. ज्यांना दुसरी संधी मिळाली नाही त्यांना एका टीकाकाराने कागदावर अख्खी कारकीर्द बहाल केली. समीक्षेचा इतका दिलदार उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आणखी एक नमुना, लॉस एंजेलिसच्या स्टँडेल्सचा. त्यांचं ‘डर्टी वॉटर’ १९६६मध्ये अकरावं आलं. गाणं बॉस्टन शहराचं, तिथल्या गढूळ चार्ल्स नदीचं. लिहिलं त्यांच्या निर्मात्याने, एड कॉबने, ज्याला त्या शहरात लुटारूंनी गाठलं होतं. आता बॉस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाने घरच्या मैदानावर सामना जिंकला की हेच गाणं वाजतं, आणि हजारो लोक आपल्या नदीच्या घाणीचं कौतुक घसा फोडून गातात.

१९६७ साल उजाडलं आणि सगळी व्यवस्था पालटली. लॉस एंजेलिसच्या केएचजे केंद्रासाठी बिल ड्रेकने १९६५पासून जी छोटी, कडक यादी राबवली होती, तिची आता गावोगाव नक्कल होऊ लागली. यादी आखडली, तसा निवेदकाचा लहरीपणा संपला आणि शेजारच्या गल्लीतल्या गाण्याची जागाही. दुसरीकडून एफएम आलं. सरकारी नियमानुसार १९६७पासून मोठ्या शहरांतल्या केंद्रांना एएमचाच कार्यक्रम एफएमवर चोवीस तास पुन्हा लावता येईना. रिकाम्या तासांत काय वाजवायचं? सॅन फ्रान्सिस्कोत केएमपीएक्सवर टॉम डोनह्यूने लांबलचक, गंभीर गाणी वाजवायला सुरुवात केली. जूनमध्ये बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ आला. आता अडीच मिनिटांचं गाणं पोरकट ठरलं, अख्खा अल्बम हे कलेचं माप झालं. अल्बम करायला महिनोन्महिने स्टुडिओ लागतो आणि मोठ्या कंपनीची थैली लागते. ५० डॉलरचं काम राहिलं नाही.

पाच वर्षांत ही गाणी सवलतीच्या पेट्यांमध्ये जाऊन पडली. तिथून ती उपसली लेनी के या न्यूयॉर्कच्या तरुणाने. तो लेख लिहायचा, जुन्या रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा, आणि १९६६ साली खोट्या नावाने त्याने स्वतःचंही एक गाणं काढलं होतं, जे कुठेच चाललं नव्हतं. १९७२मध्ये इलेक्ट्रा कंपनीने त्याने निवडलेल्या २७ गाण्यांचा ‘नगेट्स’ हा दुहेरी संग्रह काढला. काउंट फाइव्ह त्यात होते, स्टँडेल्स होते. सोबतच्या टिपणात के याने या संगीतासाठी ‘पंक रॉक’ हा शब्द वापरला. संग्रह फारसा खपला नाही, पण ज्यांच्या हाती पडला त्यांतल्या कित्येकांनी चार वर्षांत स्वतःचे बँड काढले. के स्वतः तोवर गायिका पॅटी स्मिथच्या मागे गिटार घेऊन उभा होता. आणि किंग्समेनचा तो शाळकरी ऑर्गनवाला डॉन गलुची? १९७० साली स्टूजेस या बँडच्या ‘फन हाउस’ अल्बमचा निर्माता तोच. पंकच्या वंशावळीत हा अल्बम फार वरच्या फांदीवर आहे.

गाण्यांना मान मिळाला. पैशांचं भांडण त्यानंतरही पाव शतक चाललं.

१९८०च्या दशकाच्या मध्यात कॅलिफोर्निया कूलर या पेयाच्या कंपनीला जाहिरातीसाठी ‘लुई लुई’ हवं होतं. त्यासाठी रिचर्ड बेरीची सही लागेल असं निघालं. शोधत गेले तेव्हा तो दक्षिण लॉस एंजेलिसमध्ये आईच्या घरी, सरकारी मदतीवर दिवस काढत होता. आलेल्या वकिलाने त्याला सांगितलं की हक्क परत मागता येतील. प्रकाशकांनी कोर्टाची पायरी न चढता तडजोड केली, आणि पन्नाशीत बेरी लक्षाधीश झाला. जानेवारी १९९७मध्ये तो वारला. हाती आलेल्या पैशांची दहाएक वर्षं त्याला मिळाली.

किंग्समेननी १९९३ साली दावा लावला. १९६८च्या करारात नऊ टक्के कबूल केले होते आणि आम्हाला छदामही मिळालेला नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा त्या ध्वनिफिती बाळगून असलेल्या कंपनीकडे त्यावर पटणारं उत्तर नव्हतं. करार रद्द झाला, अपील फेटाळलं गेलं, आणि १९९८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणात हात घालायला नकार दिला, तेव्हा मूळ ध्वनिफिती बँडच्या मालकीच्या झाल्या.

मिस्टेरियन्सना कोर्टही लाभलं नाही. त्यांच्या ध्वनिफिती ॲबकोच्या कपाटातच होत्या, आणि सीडीचा जमाना आला तरी कंपनी त्या बाजारात आणेना. जगभरातले बँड त्यांची गाणी वाजवत होते, पण मूळ ध्वनिमुद्रण दुकानात मागितलं तर मिळत नव्हतं. शेवटी १९९७ साली त्या पाचांनी वेगळाच मार्ग काढला. पुन्हा एकत्र जमले आणि एकतीस वर्षांपूर्वीचा आपलाच अल्बम पहिल्या सुरापासून नव्याने वाजवून काढला, कारण गाणी वाजवायला कुणी मनाई केली नव्हती, जुनी फीत विकायला केली होती. अस्सल ‘९६ टिअर्स’ची सीडी ॲबकोने काढली ती २००५मध्ये, आणि तेव्हा ऑर्गनवाला रॉड्रिगेझ पन्नाशी ओलांडून गेला होता.